घरगुती व्हॅक्यूम क्लीनर: डिझाइन मोटरपासून नको, तोंडापासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा: दोन-तीन खोल्यांच्या घरासाठी आटोपशीर आणि वापरायला सुखाचा व्हॅक्यूम क्लीनर डिझाइन करायचा आहे. विचारणारे मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहेत. बाजारात सहज मिळणारी १४०० वॅटची मोटर घ्यायची आणि तिच्याभोवती जमेल तितकी लहान बॉडी बांधायची, असा त्यांचा बेत आहे. हा बेत बरोबर आहे का, आणि 'सुखाचा' हे मोजायचं कसं, असं त्यांनी विचारलंय.

घरगुती उपकरणांच्या डिझाइनमध्ये माझी बरीच वर्षं गेली आणि त्यातली पुष्कळशी याच यंत्रावर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेत उलटा करा. जमिनीला टेकणारं तोंड आधी ठरवा, मग नळी, मग डबा, मग फिल्टर, आणि हवेच्या वाटेने मागे मागे येत शेवटी मोटरपर्यंत पोहोचा. तिथे पोहोचाल तेव्हा १४०० वॅटची गरज उरलेली नसेल. मोटर आधी ठरवली की पुढचं सगळं तिच्या उष्णतेची, आवाजाची आणि वजनाची सोय लावण्यात जातं, आणि ज्यासाठी यंत्र घ्यायचं तो केर उचलण्याचा विषय मागे पडतो.

१४०० वॅटचा हिशेब आधी संपवू. २३० व्होल्टवर ही मोटर ६ अँपिअरच्या किंचित वर करंट घेते. आपल्याकडे हॉलमधली, बेडरूममधली साधी सॉकेट्स ६ अँपिअरची असतात. १६ अँपिअरची सॉकेट्स गीझर, एसी, फार तर किचनच्या ओट्याजवळ. म्हणजे तुमचं यंत्र रोज साध्या सॉकेटवर, बहुधा एखाद्या एक्स्टेन्शन बोर्डमधून, मर्यादेच्या काठावर चालणार. दुसरी गोष्ट उष्णतेची. मोटरला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी बाहेर पडणाऱ्या हवेत उष्णता होऊन जाते. यंत्रातून सेकंदाला २५ लिटर हवा वाहत असेल तर ती साधारण ३० ग्रॅम भरते, आणि तेवढ्या हवेचं तापमान एक अंशाने वाढवायला ३० वॅट लागतात. १४०० वॅट म्हणजे सुमारे ४६ अंशांची वाढ. नागपुरात मे महिन्यात घरात ३८ अंश धरले तर पायावर ८४ अंशांची हवा येणार. फिल्टर तुंबून हवा कमी झाली की तापमान आणखी चढतं, आणि लहान बॉडीत ते प्लॅस्टिकला आणि मोटरच्या वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांना, सोसत नाही. मग जास्त तापल्यावर वीज तोडणारा थर्मल कटऑफ दर दहा मिनिटांनी यंत्र बंद पाडतो आणि घरातले म्हणतात, बिघडलं.

आता खरी गरज किती ते बघू. ओढण्याची ताकद म्हणजे दाबातला फरक गुणिले हवेचा प्रवाह. तोंड पूर्ण बंद केल्यावर २० किलोपास्कल दाब-फरक आणि तोंड मोकळं ठेवल्यावर सेकंदाला ३० लिटर हवा, असा मोटरवरचा पंखा धरा. या दोन टोकांच्या साधारण मध्यावर तो सर्वांत जास्त काम करतो आणि तिथे हवेत १५० वॅट उतरतात. जाहिरातीत ज्याला एअर वॅट म्हणतात ते हेच. मोटर आणि पंख्याच्या जोडीने विजेचा तिसरा हिस्सा जरी हवेत उतरवला तरी ४५० वॅट पुरतात. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ मध्ये घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर १६०० वॅटची मर्यादा घातली आणि सप्टेंबर २०१७ मध्ये ती ९०० वॅटवर आणली. गालिच्यांनी भरलेल्या घरांना ९०० वॅट पुरतात, तर आपल्या फरशीला त्याच्या निम्मे सहज पुरावेत.

तोंडाकडे येऊ, कारण यंत्र चांगलं की वाईट हे तिथेच ठरतं. फुंकर मारून मेणबत्ती हातभर अंतरावरून विझवता येते. तीच श्वास आत ओढून विझवून पाहा, ज्योत ओठांशी आणावी लागेल. ओढलेली हवा चहूबाजूंनी येते, त्यामुळे तोंडापासून त्याच्या व्यासाइतकं दूर गेलं की तिचा वेग तोंडाशी असतो त्याच्या दहा टक्क्यांच्याही आत येतो. याचा अर्थ असा की फरशी आणि तोंडाची कड यांतली फट एक-दोन मिलिमीटरने बदलली तरी जो फरक पडतो, तो मोटरचे पाचशे वॅट वाढवूनही भरून निघत नाही. फट फार कमी ठेवली तर बारीक धूळ जाते, पण डाळीचा दाणा, पोह्यांचं पान, मुलांनी सांडलेला कुरमुरा पुढच्या कडेला अडतो आणि यंत्र त्याला खोलीभर ढकलत नेतं. फट जास्त ठेवली तर कुरमुरा जातो आणि फरशीच्या सांध्यातली माती तशीच राहते.

हे समजून घ्यायला एक प्रयोग जरूर करा. काचेचं टेबल घ्या, त्यावर चमचाभर रांगोळी, थोडे पोहे आणि मुगाची डाळ पसरा, खाली मोबाइल उताणा ठेवून व्हिडिओ सुरू करा आणि वरून तोंड फिरवा. खालून पाहिलं की सगळं उघड होतं. बहुतेक स्वस्त तोंडांत मधला पट्टा स्वच्छ होतो, कारण नळीचा गळा तिथेच जोडलेला असतो, आणि दोन्ही टोकांना रांगोळीच्या दोन पांढऱ्या रेघा राहतात. त्या रेघा दिसल्या की गळ्यापासून टोकांकडे जाणारी आतली पोकळी कुठे उथळ आहे, कुठे खोल हवी, ते हाताने मातीचं मॉडेल सुधारावं तसं सुधारता येतं. पुढच्या कडेला मध्ये-मध्ये बोटभर रुंदीच्या खाचा ठेवल्या की पोहे आत येतात. खाचांच्या मागे मऊ ब्रशची पट्टी ठेवली की बाकीच्या लांबीत फट कमीच राहते. २५ ते २८ सेंटिमीटर रुंदी पुरे. जास्त रुंद तोंड दुकानात छान दिसतं, पण तीच हवा जास्त लांबीत वाटली जाते, आणि स्टुलाच्या पायांमध्ये, दिवाणाखाली, कमोडच्या मागे ते शिरत नाही.

फिरता ब्रश हवा की नको? नुसती फरशी असेल तर कडक केसांचा ब्रश नको, तो दाणे मागे उडवतो. मऊ नायलॉनच्या लवेचा रोलर चालतो आणि बारीक, पायाला चिकटणारी धूळ तोच उचलतो. सतरंजी, गालिचा असेल तर मात्र फिरत्या ब्रशाला पर्याय नाही. अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर नावाचे सफाई कामगार होते. त्यांना दम्याचा त्रास होता. झाडूचा दांडा, पंख्याची मोटर आणि उशीचा अभ्रा जोडून त्यांनी हाताने चालवायचं यंत्र केलं आणि १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. त्या यंत्राला पुढे फिरता ब्रश होता. त्याआधी १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी केलेलं यंत्र घोडागाडीवरून यायचं आणि नळ्या खिडकीतून घरात जायच्या. गाडीएवढं यंत्र हातात मावेल इतकं लहान झालं, त्यात ब्रशाचा वाटा मोठा आहे: धूळ आधी सैल केली की ती ओढायला कमी ताकद लागते.

रोलर ठेवणार असाल तर लांब केसांचा विचार पहिल्या दिवसापासून करा. आपल्या घरांत केराचा मोठा भाग केसांचाच असतो. केस रोलरवर गुंडाळत टोकाकडे सरकतात आणि बेअरिंगमध्ये घुसतात. मग बेअरिंग तापतं आणि टोकाचं प्लॅस्टिक वितळतं. रोलर स्क्रूड्रायव्हरशिवाय एका बाजूने बाहेर निघाला पाहिजे, आणि त्याच्या लांबीत कात्रीचं एक पातं जाईल अशी सरळ खाच पाहिजे.

तोंड जमिनीला चिकटतं याचाही हिशेब करा. २५ सेंटिमीटर बाय दीड सेंटिमीटरच्या तोंडाखाली ५ किलोपास्कल दाब-फरक असेल तर ते जवळजवळ दोन किलोच्या जोराने खाली ओढलं जातं. फरशीवर हे चालतं. गादीवर मात्र चादर तोंडाला बिलगते, दाब-फरक १५ किलोपास्कलपर्यंत चढतो आणि हाच जोर सहा किलोच्या आसपास जातो. तेव्हा हात थकतो, चादर आत ओढली जाते आणि माणूस गादी साफ करणं सोडून देतो. मुठीजवळ अंगठ्याने सरकवायची एक हवेची खिडकी ठेवा. पाच-दहा रुपयांचा भाग आहे, पण वापरणाऱ्याला यंत्र आपल्या ऐकण्यातलं वाटतं ते याच्यामुळे.

आता नळी. लहान यंत्र म्हणून नळीही बारीक, असं बहुतेक जण करतात आणि तिथेच ताकद गमावतात. तेवढीच हवा न्यायची असेल तर नळीतला दाबाचा तोटा व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतो. ३५ मिलिमीटरची नळी ३२ वर आणली की तोटा दीडपटीहून जास्त होतो. सेकंदाला २५ लिटर हवा ३२ मिलिमीटरच्या नळीतून सेकंदाला ३१ मीटर वेगाने जाते, म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या वर. या वेगाला दीड मीटर वळीदार होजमध्ये, म्हणजे लवचिक नळीत, साधारण सव्वा ते दीड किलोपास्कल जातात, आणि प्रत्येक काटकोनी वळणाला अर्ध्या किलोपास्कलच्या वर. अशी तीन-चार वळणं लहान बॉडीत कोंबली की पन्नास-साठ एअर वॅट तिथेच संपतात. म्हणून वळणं मोजा, एक तरी कमी करता येतं का पाहा, आणि जे राहील ते मोठ्या त्रिज्येचं करा. उलट नळी फार जाडही नको. ३८ मिलिमीटरला वेग २२ मीटरवर येतो. फिल्टर थोडा तुंबला की तो १६ वर घसरतो आणि वाळूचे, मातीचे जड दाणे नळीत मागे पडू लागतात. ३५ च्या आसपास राहा.

दाब मोजायला महागडं मीटर लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब घ्या, यू आकारात भिंतीवर लावा, रंगीत पाणी भरा. पाण्याच्या पातळीतला १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ एक किलोपास्कल. नळीला, वळणाला, डब्याला, फिल्टरला पुढे-मागे बारीक भोकं पाडून प्रत्येक ठिकाणचा तोटा लिहून काढा. कुठे ताकद गळते आहे हे एका दुपारी कळतं.

आटोपशीरपणा बॉडीच्या लांबी-रुंदीत शोधू नका. बॉडी बुटांच्या खोक्याएवढी आणि होज मात्र कशातही न मावणारी, अशी यंत्रं पुष्कळ आहेत. मोजायचं ते असं: होज, दांडा, तोंड, कोपऱ्यांचं टोक, चार्जर किंवा वायर, सगळं धरून यंत्र उभं केलं तर जमिनीवर किती जागा अडवतं, आणि कपाटातून काढल्यापासून पहिला केर आत जाईपर्यंत किती क्रिया कराव्या लागतात. आपल्याकडे जागा ठरलेल्या आहेत: दाराच्या मागे, फ्रिज आणि भिंतीमधल्या फटीत, वॉशिंग मशीनच्या बाजूला. त्या फटी दहा घरांत जाऊन मोजा आणि तो आकडा तुमच्या ड्रॉइंगवर सर्वांत आधी लिहा. यंत्र तिथे मावलं नाही तर ते माळ्यावर जातं, आणि माळ्यावर गेलेलं यंत्र दिवाळीच्या सफाईलाच खाली येतं.

प्रकार कोणता निवडावा, यावर माझं मत स्पष्ट आहे. दोन-तीन खोल्यांच्या घराला दांड्याचं, बॅटरीवर चालणारं यंत्र योग्य, ज्याचा वरचा भाग काढून गादीला, सोफ्याला, स्लायडिंग खिडकीच्या खाचेला वापरता येतो. १८६५० जातीचा एक लिथियम-आयन सेल पन्नास ग्रॅमच्या आत भरतो आणि साधारण ९ वॅट-तास देतो. सात सेलचा पॅक म्हणजे सुमारे ६३ वॅट-तास आणि वजन किलोचा तिसरा हिस्सा. मोटरने १५० वॅट वीज घेतली (वरचे १५० एअर वॅट वेगळे) तर तो पंचवीस मिनिटं चालतो, ४५० वॅटवर आठ. तोंड नीट असेल तर फरशीला १५० वॅटचा मोड पुरतो आणि पंचवीस मिनिटांत असं घर होतं. एक काळजी घ्या: हे सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. जोरात वापरून झाल्यावर पॅक गरम असतो, विदर्भात उन्हाळ्यात खोलीही तापलेली असते. पॅक थंड होईपर्यंत चार्जिंग थांबवून ठेवणारं सर्किट हवंच, आणि थांबलंय हे सांगणारा वेगळ्या रंगाचा दिवाही हवा, नाहीतर लोकांना चार्जर बिघडला असं वाटतं.

मोटर लहान हवी असेल तर ती वेगाने फिरली पाहिजे. पंख्याचा दाब त्याच्या कडेच्या वेगावर ठरतो. १०० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३५,००० फेऱ्यांनी फिरला तर कडेचा वेग सेकंदाला सुमारे १८० मीटर होतो. ४० मिलिमीटरच्या पंख्याला त्याच वेगासाठी ९०,००० च्या जवळपास फेऱ्या हव्यात. कार्बन ब्रशच्या, म्हणजे कार्बनचे तुकडे घासत फिरत्या भागाला वीज देणाऱ्या, साध्या मोटरला ते झेपत नाही, असे तुकडे नसलेली ब्रशलेस मोटरच लागते. ती महाग पडते, पण तिच्यामुळे बॉडी खरोखर लहान होते. लहान पंख्यातून जाणारी हवाही कमीच असते, म्हणून वरचे नळीचे हिशेब तुमच्या प्रवाहाचे आकडे घालून पुन्हा करा.

वायरचं, चाकांवर मागे येणारं यंत्रच करायचं असेल तर उंबरठा विसरू नका. किचनला, बाथरूमला, बाल्कनीला आपल्याकडे दोन सेंटिमीटरचा तरी उंबरठा असतोच. चाकाची त्रिज्या ४ सेंटिमीटर असेल आणि आडवं ओढलं तर त्या चाकावर असलेल्या वजनाच्या पावणेदोन पट जोर लावावा लागतो. त्रिज्या ८ केली की जोर त्याच वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आत येतो. मागची दोन चाकं मोठी करा, त्यांना मऊ रबराची कड द्या आणि होज बॉडीच्या वरच्या अंगाला जोडा म्हणजे ओढताना पुढचा भाग उचलला जाईल. वायर दोन तारांची आणि यंत्र दुहेरी इन्सुलेशनचं ठेवा; जुन्या इमारतींत अर्थिंगचा भरवसा धरता येत नाही.

'सुखाचा' म्हणजे काय, तर सर्वांत आधी मनगट. एकूण वजन किती यापेक्षा ते मुठीपासून किती दूर आहे याला महत्त्व. हातावर येणारा भार १.७ किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य मुठीच्या १२ सेंटिमीटर पुढे असेल तर मनगटावर २ न्यूटन-मीटर पीळ येतो. बॅटरी मुठीच्या मागे नेऊन गुरुत्वमध्य ३ सेंटिमीटरवर आणला तर तो अर्ध्या न्यूटन-मीटरवर येतो, एक ग्रॅमही कमी न करता. मूठ ३० ते ३५ मिलिमीटर जाड, पूर्ण गोल नको, किंचित लंबगोल. बटण सतत दाबून धरायला लावू नका. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. बॅटरी वाचते म्हणून दाबून धरायचा ट्रिगर देतात, पण संधिवात असलेल्या बोटांना तो दहा मिनिटंही जमत नाही.

मापं कोणाची धरायची, हा यातला खरा प्रश्न आहे. यंत्र विकत घेणारा आणि चालवणारा माणूस पुष्कळदा वेगळा असतो. चालवतात घरातल्या आजी, किंवा कामाला येणाऱ्या ताई, ज्या आधी दोन घरांतले केर-लादी आटोपून आलेल्या असतात. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर जमिनीपासून साधारण ९५ सेंटिमीटरवर येतं. दांडा ढकलताना हात त्याच्या थोडा खाली, ८० च्या आसपास असतो. दांडा ४५ ते ५० अंशांत धरला तर मुठीपासून जमिनीपर्यंत १०५ ते ११० सेंटिमीटर लांबी हवी. पावणेसहा फुटी माणसाला १२५ लागतात. म्हणजे दांडा सरकता हवा, आणि त्याचा खटका अंगठ्याने सुटला पाहिजे, ओल्या हातानेसुद्धा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. ते कॉलेजच्या लायब्ररीतून मिळवा आणि त्यातली लहान चणीच्या स्त्रियांची मापं आधी पाहा. परदेशी तक्ता घेऊन काम केलंत तर मूठ जाड होईल आणि दांडा लांब.

आता धूळ आत आल्यावर तिचं काय करायचं. आपली धूळ बारीक असते: रस्त्याची, बांधकामाची, कोकणात तांबडी माती, आणि सणासुदीला शिरगोळ्याची रांगोळी. रांगोळी फिल्टरची खरी परीक्षा घेते. सपाट, लहान फिल्टरवर ती मूठभर ओढली की वर पांढरा थर बसतो आणि यंत्र धापा टाकू लागतं. उपाय फिल्टरचं क्षेत्रफळ वाढवणं हाच. क्षेत्रफळ दुप्पट केलं की फिल्टरमधून जाणाऱ्या हवेचा वेग निम्मा होतो आणि तेवढ्याच धुळीचा थरही निम्म्या जाडीचा बसतो, त्यामुळे थरामुळे होणारा दाबाचा तोटा चौथ्या हिश्शावर येतो. घड्यांचा फिल्टर लहान जागेत हे साधतो.

त्याच्या आधी सायक्लोन, म्हणजे हवा गोल फिरवून धूळ वेगळी काढणारा भाग, बसवला तर फिल्टरपर्यंत कमी धूळ जाते. ३ सेंटिमीटर त्रिज्येत सेकंदाला २० मीटरने फिरणाऱ्या हवेत कणावर गुरुत्वाकर्षणाच्या तेराशे पटींहून जास्त जोर येतो, म्हणून बारीक कणही कडेला फेकले जातात. पण सायक्लोनलाही दाब लागतो आणि आकारांचा मेळ सहजी बसत नाही. सायक्लोनचा व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आणणाऱ्या जेम्स डायसन यांनी त्यासाठी ५,१२७ नमुने केले. एका सेमिस्टरच्या प्रकल्पात एकच साधा सायक्लोन आणि मागे मोठा फिल्टर एवढंच करा. एच१३ दर्जाचा फिल्टर सर्वांत कठीण आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो, पण त्याच्या कडेचं रबर नीट बसलं नसेल तर हवा सोपी वाट धरते आणि तो दर्जा कागदावरच राहतो. दमेकऱ्याच्या घरात हे सील फिल्टरपेक्षा जास्त मोलाचं. पीठ ओढून बाहेरच्या जोडांवर काळा कागद धरा. पांढरं दिसलं की गळती तिथेच आहे.

'धुता येणारा फिल्टर' असं खोक्यावर लिहिण्याआधी जुलैमधली मुंबई किंवा रत्नागिरी आठवा. तिथे धुतलेला फिल्टर दोन-दोन दिवस वाळत नाही. ओलसर फिल्टर परत बसवला की कुबट वास घरभर होतो, आणि ओलावा मोटरपर्यंत जातो. दुसरा फिल्टर खोक्यातच द्या, आणि फिल्टर आत नसेल तर यंत्र सुरू होणार नाही अशी खिट्टी ठेवा.

डबा रिकामा करणं हा या यंत्रातला सर्वांत नकोसा क्षण असतो. ओढलेली धूळ पुन्हा चेहऱ्यावर उडाली तर सगळं व्यर्थ. डब्याचं तळाचं झाकण लांब बटणाने उघडावं, म्हणजे हात धुळीपासून दूर राहतो. डब्याचं तोंड रोजच्या कचऱ्याच्या पिशवीत आत जाईल एवढं अरुंद असावं. आणि मधल्या जाळीला गुंडाळलेले केस वरून खाली एका ओढीत निघतील असा तिला उतार असावा. अर्धा लिटरचा डबा रोज वापरणाऱ्याला पुरतो. पिशवीवाली यंत्रं या बाबतीत जास्त स्वच्छ आहेत हे मी मानतो, पण तालुक्याच्या गावी पिशव्या वेळेवर मिळत नाहीत, आणि एकदा मिळाल्या नाहीत की यंत्र पडून राहतं.

आवाजाबद्दल दोन गोष्टी. युरोपात २०१७ पासून ८० डेसिबलची मर्यादा आहे, तुम्ही त्याच्या बरंच खाली राहा. पण आकड्याहून जास्त त्रास देतो तो सूर. ९ पात्यांचा पंखा मिनिटाला ३५,००० फेऱ्यांनी फिरला तर ५,२५० हर्ट्झची शिट्टी वाजते, आणि मोठ्या माणसाचा कान साधारण त्याच पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. ९०,००० फेऱ्या आणि १३ पाती केली तर तोच सूर १९,५०० हर्ट्झवर जातो, जो बहुतेक प्रौढांना ऐकूच येत नाही. मोटर बॉडीला थेट स्क्रूने कधीही कसू नका, पुढे-मागे रबराच्या कड्यांत तरंगती ठेवा. हवा बाहेर सोडायची जाळी मोठी ठेवा: २०० चौरस सेंटिमीटर असेल तर सेकंदाला २५ लिटर हवा सव्वा मीटर वेगाने निघते, आवाज कमी होतो आणि पुढचा केर उडत नाही. जाळीचं तोंड वरच्या किंवा बाजूच्या दिशेला, जमिनीकडे नको, वापरणाऱ्याच्या पायांकडेही नको.

कामाचा क्रम असा ठेवा. पहिल्या महिन्यात मोटरला हात लावू नका. पुठ्ठा आणि पीव्हीसी पाइपचा दांडा करा, जिथे मोटर-बॅटरी येईल तिथे वाळूच्या पिशव्या बांधून खरं वजन द्या, आणि तो आजींना, ताईंना, तुमच्या वडिलांना पंधरा-पंधरा मिनिटं घरभर फिरवायला द्या. विचारू नका, बघा: हात कधी बदलतात, दुसरा हात कुठे धरतात, कुठे कमरेत वाकतात. शेजारी दुसरं काम चालू ठेवा, काचेच्या टेबलावरचं तोंड. तोंडासाठी किती प्रवाह आणि किती दाब लागतो हे जुन्या कुठल्याही व्हॅक्यूम क्लीनरला डिमर लावून मोजता येतं. कार्बन ब्रशची मोटर डिमरवर चालते, फक्त डिमर मोटरच्या करंटला पुरेसा मोठा घ्या. पन्नास ग्रॅम रवा एक चौरस मीटर फरशीवर, सांध्यांसकट, पसरा. दोन फेऱ्यांत किती आला ते सोनाराच्या काट्यावर तोला. ताकद कमी करत जा, आणि उचललेल्या रव्याचं वजन जिथे घसरायला लागेल तिथले प्रवाह आणि दाब लिहून घ्या. त्यावर वीस टक्के फिल्टर तुंबण्यासाठी ठेवा आणि हे दोन आकडे घेऊन मोटरवाल्याकडे जा. बाहेरची बॉडी सर्वांत शेवटी काढा. तोपर्यंत थ्रीडी प्रिंटवर भागवा, कारण प्लॅस्टिकचा साचा (मोल्ड) एकदा कापला की वळणाची त्रिज्या वाढवायलाही नवा पैसा लागतो.